चाळीस बोल्टांचं रुखवत

चौथ्या ठिकाणाहून नकार आला तेव्हा मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या हेड ऑफिसात सकाळचा तिसरा चहा पीत होतो. पत्रात दोनच ओळी होत्या. आपल्या दलासाठी कोर्समध्ये जागा देता येत नाही. मागच्या वेळी दिलेल्या जागांचा आपण जो उपयोग केला तो पाहता यापुढेही देता येईल असं वाटत नाही.

पहिली ओळ सरकारी होती. दुसरी खास माझ्यासाठी होती.

मी तेव्हा एका केंद्रीय खात्याच्या छोट्याशा पोलीस दलाचा प्रशासन अधिकारी होतो. हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. खात्याची मानेसरच्या पुढे मोठी गोदामं होती. त्यांच्या राखणीला शंभरेक माणसं आणि चाळीस रायफली. रायफली जुन्या, सगळा देश ज्यांना थ्री नॉट थ्री म्हणतो त्या. माणसं बहुतेक हरियाणाची, मी नगरचा. आडनाव रणपिसे. असल्या आडनावाच्या माणसाने आयुष्यात स्टेपलरपेक्षा मोठं हत्यार चालवलेलं नाही, ही गोष्ट दलात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलीही जायची.

अडचण इन्स्पेक्शनमधून निघाली होती. आलेल्या अधिकाऱ्याने एका रायफलीच्या नळीत डोकावून पाहिलं, मग दुसरीच्या, आणि तिसरीनंतर डोकावणं सोडून दिलं. शेरा असा: दलात शस्त्रांची देखभाल जाणणारा एकही माणूस नाही. तीन महिन्यांत किमान वीस जणांना प्रशिक्षण द्यावं, नाहीतर शस्त्रं काढून घ्यावीत.

शस्त्रं गेली की दल गेलं. बिनबंदुकीच्या शंभर माणसांना पोलीस म्हणून कोण ठेवणार? त्यांना इकडच्या तिकडच्या गोदामांवर चौकीदार म्हणून वाटून टाकलं जाईल, हे न लिहिता सगळ्यांना कळलं होतं.

आमचे कमांडंट चौहान साहेब एका मोठ्या दलातून डेप्युटेशनवर आलेले. त्यांनी मला बोलावलं.

"रणपिसे, तीन महीने में बीस आदमी ट्रेन चाहिए."

"सर, बजेट?"

"बजेट होता तो आपको क्यों बुलाता?"

तीन संस्थांची फी अशी होती की त्यात आमचे दोनच लोक शिकले असते आणि बाकीच्यांना त्यांनी येऊन गोष्ट सांगितली असती. चौथी संस्था फुकट शिकवायची, आणि आदल्या वर्षी तिने आम्हाला दोन जागा दिल्याही होत्या. तिथे खरं तर कोत हवालदार महेंदर सिंगला पाठवायला हवं होतं. कोत म्हणजे शस्त्रागार. त्याची किल्ली महेंदरच्या कमरेला. पण तो दीड महिना जाणार म्हणजे चार्ज दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे प्रत्येक रायफल, प्रत्येक संगीन, प्रत्येक गोळी मोजून सह्या करायच्या. दोन दिवसांचं काम, आणि समोर बसणारा अधिकारी मी. मी विचार केला, ज्याच्यावाचून अडणार नाही असा माणूस पाठवावा. असे दोन निघाले. एक बिगुल वाजवणारा, दुसरा चार महिन्यांत रिटायर होणारा शिपाई. दोघं शिकून आले. एक हार घालून, सर्टिफिकेट घेऊन घरी गेला. दुसरा पुन्हा बिगुल वाजवायला लागला. संस्थेच्या पत्रातल्या दुसऱ्या ओळीचा अर्थ तो होता.

मार्ग शेवटी महेंदरनेच काढला. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी गोदामावर गेलो असताना म्हणाला, "साहब, एक उस्ताद हैं. पटौदी के पास रहते हैं. आर्मरर थे. बुलाऊँ?"

आर्मरर म्हणजे पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. एका राज्याच्या सशस्त्र पोलिसांत उस्ताद रामकिशन यांनी तीस वर्षं तेच केलं होतं. बारीक बांधा, जाड चष्मा, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. मी फीचं विचारलं तर म्हणाले, "बस का किराया, दो वक्त चाय, दोपहर की रोटी." मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी फाईल उघडून आत पाहत बसलो.

"एक शर्त है, साहब," उस्ताद म्हणाले. "मेरी क्लास में एक आदमी के आगे एक राइफल. जिसने खोली, वही बंद करेगा, और बंद करके ही उठेगा. अफसर आए, मंत्री आए, साँप आए."

मी हसलो, आणि फाईलवर लिहिलं: प्रशिक्षकांची अट मान्य.

दहा दिवसांचा कोर्स बरॅकच्या व्हरांड्यात सुरू झाला. वीस जण सतरंजीवर, पुढे एकेक रायफल. पहिल्या दिवशी मीही मागे खुर्ची टाकून बसलो. उस्तादांनी पहिली रायफल हातात घेतली, फिरवून पाहिली आणि महेंदरला विचारलं, "इसको किससे साफ करते हो?"

"ईंट का चूरा, उस्ताद जी. और राख."

"बर्तन माँजते हो?"

खरी गोष्ट तीच होती. आमच्या दलात वर्षाकाठी एकदाच गोळ्या झाडल्या जायच्या, पण परेड दर आठवड्याला. परेडला साहेब बघतात ते चकाकी. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आमचे जवान रायफलीचं लोखंड विटेच्या भुकटीने घासत आले होते. बाहेरून आरसा. आत नळीला गंज, कारण आत कोणता साहेब बघतो? आणि ज्याची रायफल जास्त चमके त्याला परेडनंतर शाबासकी देणाऱ्यांत मीही होतो.

या घासण्यात आणखी एक नुकसान झालं होतं, ते उस्तादांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं. इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. रायफलीत मागून सरकणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. गोळी नळीत बसली की तिच्या बुडाशी टेकून तिला धरून ठेवायचं काम त्याचं. दिसायला चाळीसही बोल्ट सारखे. पण प्रत्येक बोल्ट कारखान्यात आपापल्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. घरात स्टीलचे दहा डबे सारखेच दिसतात, पण या डब्याचं झाकण त्या डब्याला लावलं तर बसल्यासारखं वाटतं आणि उचलताना निघून येतं, तसं. डब्याच्या बाबतीत फार तर डाळ सांडते. इथे बोल्ट केसभर सैल बसला तर गोळीची पितळी पुंगळी फुटते आणि जळता वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात येतो.

म्हणून रायफलीवर आणि तिच्या बोल्टवर एकच नंबर कोरलेला असतो. आमच्या निम्म्याहून जास्त बोल्टांवरचा नंबर विटेच्या भुकटीने पुसून टाकला होता.

"अभी घबराने की बात नहीं," उस्ताद म्हणाले. "जो जिसमें लगा है, उसी का है. नंबर के पंच मँगवा दो, साहब. एक दिन में सब पे दोबारा ठोक दूँगा."

पंच म्हणजे आकडे कोरायचे ठोकळे. बाजारात सहज मिळतात. मी मागणीपत्र घेतलं आणि नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशन मागवली. दोन आली. तिसऱ्याची वाट पाहत कागद माझ्या ट्रेमध्ये राहिला. कोणी ते पंच दुकानातून परस्पर विकत घेऊन आणले असते तर मी त्याच्याकडून खुलासा मागितला असता, इतका मी नियमाचा माणूस.

बाकी कोर्स मात्र उत्तम चालला. दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढायची, तेल किती, कुठे, गोळीबारानंतर उकळतं पाणी का ओतायचं, हे सगळं आमची माणसं आवडीने शिकत होती. महेंदर पहिल्या रांगेत बसून वहीत चित्रं काढायचा. आठव्या दिवशी एकाने डोळे बांधून बोल्ट उलगडून पुन्हा जोडला, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर जाऊन बायकोला, कल्पनाला, हे रंगवून सांगितलं. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "अहो, म्हणजे चांगलं झालं की काहीतरी. आता त्यात तुम्ही हात घालू नका."

नवव्या दिवशी मी हात घातला.

आदल्या संध्याकाळी चौहान साहेबांचा फोन आला होता: जॉइंट सेक्रेटरी उद्या साडेदहाला कोर्स बघायला येतायत. दलाचं काय करायचं हे ज्यांच्या टिपणीवर ठरणार होतं ते हेच. मी सकाळी नऊलाच पोचलो. उस्तादांची पटौदीची बस अजून आली नव्हती. वीस जण सतरंजीवर बसलेले, पुढे रायफली. मला ते फारच साधं दिसलं. एवढा मोठा माणूस दिल्लीहून येणार आणि त्याला काय दिसणार, तर बसलेली माणसं.

लहानपणापासून लग्नघरात रुखवत पाहिलेला माणूस मी. चांगली गोष्ट मांडून दाखवायची असते, हे आमच्या हाडात आहे. मी महेंदरला सांगितलं, कोतमधल्या चाळीसच्या चाळीस रायफली बाहेर काढा, सगळ्या उलगडा, आणि पांढऱ्या चादरींवर प्रकाराप्रमाणे मांडा. एका चादरीवर सगळे बोल्ट, एका रांगेत. दुसरीवर मॅगझिन. तिसरीवर संगिनी. मधोमध तेलाच्या बाटल्या.

महेंदर उभाच राहिला. "साहब, उस्ताद जी आ जाएँ तो..."

"उस्ताद जी की बस कब आएगी, किसको पता? जेएस साहब की गाड़ी तो आएगी ही."

"साहब, बोल्ट मिल जाएँगे."

मिसळतील, असं त्याला म्हणायचं होतं, आणि मला ते समजलंही होतं. पण त्या क्षणी मला चाळीस बोल्टांची रांग डोळ्यांसमोर दिसत होती. मी म्हणालो, "महेंदर, ऑर्डर है."

त्याने "जी साहब" म्हटलं.

मांडणी अप्रतिम झाली, हे अजूनही सांगतो. ऊन पडलं होतं आणि चाळीस घासलेले बोल्ट चांदीच्या चमच्यांसारखे दिसत होते. मी स्वतः वाकून दोन सरळ केले. जेएस साहेब आले, चादरींच्या कडेने चालले, एक बोल्ट उचलून पाहिला आणि दुसऱ्याच जागी ठेवला. फोटो निघाले. "व्हेरी सिस्टेमॅटिक," ते चौहान साहेबांना म्हणाले. चौहान साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं.

गाडी गेटबाहेर गेली आणि तिच्या धुळीतून उस्ताद चालत आले.

ते चादरीपाशी थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग खाली बसले आणि रांगेतला पहिला बोल्ट उचलून त्याच्यावर अंगठा फिरवला. ठेवला. दुसरा उचलला. असे सात-आठ झाल्यावर म्हणाले, "किसने करवाया?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शब्द जुळवायला मला नेहमीच वेळ लागतो, आणि तेवढ्यात महेंदर म्हणाला, "कोत मेरी है, उस्ताद जी."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असणार. वीस जणांना तर माहीतच होतं. मी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत ते बसून होते. सतरा बोल्टांवरचे नंबर वाचता आले, ते त्यांनी जागच्या जागी बसवले. तेवीस उरले. तेवीस बोल्ट, तेवीस रायफली, आणि कुठला कुणाचा हे सांगणारं जगात काही नाही. जुळवायचे तर खास मापाचे गेज लागतात, ते मोठ्या सरकारी वर्कशॉपमध्ये.

"अंदाज़ से नहीं लगा सकते?" मी विचारलं.

"लगा सकता हूँ. फिर पहली गोली आप चलाना."

त्या रात्री कल्पनाने विचारलं, "तुम्ही सांगितलंत का, की ऑर्डर तुमची होती?"

"अगं, तशी वेळच आली नाही. महेंदरच म्हणाला..."

"त्याने तुमची लाज राखली. तुम्ही ती राखूनच घेतलीत?"

दुसऱ्या दिवशी मी खात्याला रिपोर्ट लिहिला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त वाक्यं अशी रचली की त्यांत माणूस राहिला नाही. 'प्रशिक्षणादरम्यान काही रायफलींचे सुटे भाग एकत्र मिसळले गेल्याचे आढळून आले.' कोणी मिसळले, कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायची जबाबदारी मी वाचणाऱ्यावर सोडली. वाचणाऱ्याने विचारलं. कोतचा ताबा कोणाकडे? हवालदार महेंदर सिंग. मग झालं.

चौकशी आठवडाभर चालली. महेंदरने जबाबात लिहून दिलं की भाग त्याच्या देखरेखीखाली होते. माझं नाव नव्हतं. शिपायांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, कोतचं हवालदार साहेबांना माहीत. आमच्या दलात अफसराचं नाव जबाबात घ्यायची पद्धत नव्हती. ते त्यांनी कोणत्याही कोर्समध्ये शिकलेलं नव्हतं, पण ते त्यांना पक्कं येत होतं.

निकाल येण्याआधी मी चौहान साहेबांकडे गेलो. यात माझं मोठेपण काही नाही. कल्पना तीन दिवस माझ्याशी फक्त भाजीविषयी बोलत होती.

"सर, ऑर्डर मेरी थी. मांडणी... लेआउट मैंने करवाया था."

चौहान साहेबांनी दार लावून घेतलं. "मुझे पता है. उसी दिन से पता है."

"तो मैं लिखकर देता हूँ."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जॉइंट सेक्रेटरींची भेटीची टिपणी. त्यात एक वाक्य अधोरेखित होतं: सुट्या भागांची मांडणी अत्यंत पद्धतशीर असून इतर युनिटांनी अनुकरण करावे.

"अब आप लिखकर दोगे कि वही लेआउट गलती थी," चौहान साहेब म्हणाले. "मतलब जेएस साहब ने गलती की तारीफ की. ये कागज़ ऊपर कौन ले जाएगा? मैं तो नहीं ले जाऊँगा, यार. और दल का फैसला उन्हीं के हाथ में है. सौ आदमी की सोचो."

मी शंभर माणसांचा विचार केला. अडचणीत सापडलेल्या माणसाला शंभर माणसांचा विचार फार सोयीचा पडतो. माझा कागद मी घडी घालून खिशात ठेवला. तो पुढे कधी बाहेर निघाला नाही.

महेंदरला हवालदाराचा शिपाई केलं आणि राजस्थान बॉर्डरकडच्या एका गोदामावर पाठवलं. तो निघाला त्या दिवशी मी मुद्दाम मानेसरला गेलो. हायवेवर शेअर जीपची वाट पाहत तो ट्रंकेवर बसला होता. बाहीवर तीन फिती होत्या तिथे कापड गडद दिसत होतं. बाकीचं उन्हाने विटलेलं.

मी म्हणालो, "महेंदर, मैंने कमांडंट साहब को बताया था."

"जी साहब."

"लेकिन उन्होंने..."

"साहब, फीते लगने में अठारह साल लगे थे," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. "उतारने में ब्लेड से दो मिनट लगे. मैं सोच रहा था, ज़्यादा टाइम लगेगा."

जीप आली. मी ट्रंकेचं एक टोक धरायला वाकलो, तर त्याने अदबीने माझा हात बाजूला केला. "आप रहने दो, साहब."

ज्या शंभर माणसांचा आम्ही विचार केला होता त्यांचंही सांगतो. तेवीस रायफली ट्रकमधून वर्कशॉपला गेल्या. तिथे मोठ्या दलांची कामं आधी, आमची नंतर. तीन महिन्यांची मुदत संपली तेव्हा आमच्याकडे वापरण्याजोग्या सतरा रायफली होत्या. सतरा रायफलींत एवढ्या गोदामांची राखण होत नाही, असा हिशेब वर कोणीतरी केला, आणि तो बरोबरच होता. उरलेल्या सतराही जमा करून घेतल्या. वर्षभरात राखण दुसऱ्या दलाकडे गेली आणि आमची माणसं ठिकठिकाणी चौकीदार झाली. वर्कशॉपला गेलेल्या रायफली माझी बदली होईपर्यंत परत आल्या नव्हत्या.

सर्टिफिकेटं मात्र वेळेत तयार झाली. मी ती घेऊन पटौदीला उस्तादांच्या घरी सह्यांसाठी गेलो. मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यांनी वीसही कागद एकेक वाचले आणि सगळ्यांवर सही केली. महेंदरच्या कागदावर जरा थांबले, मग त्याच्यावरही केली.

"काम इनको आता है," ते म्हणाले. "मैंने सिखाया है. झूठ नहीं लिखा आपने इसमें."

त्यांनी चहा विचारला. मी नको म्हणालो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

म्हणजे कागदावर माझं काम पूर्ण झालं होतं. वीस माणसं, दहा दिवस, जवळजवळ फुकट. शस्त्रांची देखभाल उत्तम जाणणारी वीस माणसं आम्ही तयार केली आणि त्यांच्या हातात लाठ्या दिल्या. तेवढ्या कमी खर्चात ट्रेनिंग करून दाखवल्याबद्दल माझ्या वार्षिक अहवालात चांगला शेरा आहे.

त्या शेऱ्यामुळेच पुढच्या ऑफिसात मला ट्रेनिंग सेक्शन मिळाला. तिथे मी पहिल्याच महिन्यात एक नियम केला: वर्ग चालू असताना कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्याची भेट ठेवायची नाही, आणि शिकवणारा हजर नसेल तर कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, विशेषतः प्रशासन अधिकाऱ्याने. साहेबांनी फाईलवर विचारलं, या नियमाचं कारण काय?

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पूर्वानुभव'. कोणाचा, ते लिहिलं नाही.